शेंगा कुणी सोलायच्या

अक्का,

काल बुधवार. नेहमीसारखी दुर्गदबैलच्या बाजारात भाजी घेतली आणि तशीच कमरीपेठेत तुमच्या घरी गेले. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात तुमच्या माहेरून, अळणावरहून आलेला हिरव्या सोयाबीनचा भारा, आणि डोक्यात आपलं जुनंच भांडण. तुम्ही गेलात म्हणून ते मिटलं असं समजू नका हं. उलट आता मला मध्येच गप्प करणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा सगळं बोलून घेणार आहे.

अजून महिना व्हायचाय. दुपारी जेवून "जरा पाठ टेकते" म्हणालात आणि उठलाच नाहीत. लोक म्हणतात, पुण्यवान बाई, कुणाला त्रास दिला नाही. मला राग येतो. थोडा त्रास दिला असतात तर काय बिघडलं असतं? चार दिवस दवाखान्यात राहिला असतात, मी डबा घेऊन आले असते, मीठ कमी आहे म्हणून तुम्ही तोंड वाकडं केलं असतंत, मी चिडले असते. मग गेला असतात तर निदान नीट भांडून तरी गेला असतात. एवढीही सवड दिली नाहीत.

खरं म्हणजे आपण विहिणी. माझी मधुरा तुमच्या श्रीधरला दिली तेव्हा माझ्या बहिणीने मला बजावलं होतं, "प्रभा, मुलाची आई आहे ती. तू टेलिफोन खात्यात जन्म काढलास, तुला बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यांचं कुलपांचंच दुकान आहे, त्यातलं एक आणून तोंडाला लाव." मी घाबरूनच होते. लग्नात विहिणीचे पाय धुवायचे म्हणून गरम पाण्याचा तांब्या आणि ताम्हण घेऊन तुमच्यापुढे वाकले, तर तुम्ही पाय मागे घेतलेत. "इरली बिडरी," असू दे, राहू दे म्हणालात, "पाय धुऊनच आलेय मी. तुम्ही जेवलात का?" आमच्या बाजूच्या बायका बघतच राहिल्या. मुलीच्या आईला लग्नाच्या दिवशी जेवलीस का म्हणून विचारणारी विहीण त्यांनी पाहिली नव्हती. मीही नव्हती. आणि मी खरंच जेवले नव्हते.

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या अक्का. वयाने दोनच वर्षांनी मोठ्या, पण अक्काच.

माझे हे गेले तेव्हा कडू घास तुमच्या घरून आला. पिठलं-भात, आणि पाठोपाठ तुम्ही. विद्यानगरच्या माझ्या स्वयंपाकघरात पदर खोचून उभ्या राहिलात ते तेराव्यापर्यंत. आल्यागेल्याचा चहा, भांडी, पाहुण्यांची अंथरुणं. रडू नका असं एकदाही म्हणाला नाहीत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायचे राहून गेले. विहिणीचे आभार मानायचे कसे, ते कुणी शिकवलंच नव्हतं. आता मानते. अक्का, तुम्ही होता म्हणून मी त्या दिवसांतून बाहेर आले.

या वेळी कडू घास मी आणला. पिठलं ढवळताना आठवेना, तुम्ही त्यात लसूण घालत होता की नाही. विचारावं म्हणून फोन उचलला आणि तुमचा नंबर लावलासुद्धा. अप्पांनी घेतला. मी म्हटलं, "काही नाही, चुकून लागला." ते म्हणाले, "हं." लसूण घातला नाही.

अप्पा म्हणजे तुमचे यजमान. त्यांना अख्खी कमरीपेठ अप्पाच म्हणते. खाली कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान, वर तुमचं घर. दुकान त्यांनी चौदाव्या दिवसापासून उघडलं. पण अक्का, ते जेवत नाहीत. श्रीधर आणि मधुरा बेंगळूरला परत जाताना खानावळीचा डबा लावून गेले. ज्वारीची भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, दही, शेंगाचटणी, सगळं छान असतं. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला परत जातो. गळ्यापाशी सदरा लोंबायला लागलाय. श्रीधरने मला फोनवर सांगितलं, "आई, दसऱ्यापर्यंत बघतो. तोवर खाण्यापिण्याचं नीट झालं नाही तर दुकानाला कुलूप घालून अप्पांना इकडे घेऊन येणार." त्याचंही चुकत नाही हो. पण अप्पा बेंगळूरच्या त्या नवव्या मजल्यावर काय करतील? तिथे दारंसुद्धा आपोआप लागतात. मी म्हटलं, थांब, मी बघते. म्हटलं खरं, पण माझ्या हातचं ते कशाला खातील?

मग मंगळवारी तुमच्या भावाचा भारा आला. दरवर्षी तुमच्याकडे यायचा, या वेळी त्याने माझ्याकडे पाठवला. "प्रभाअक्का, शेंगा भरल्यात. कुणाला पाठवू कळेना," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. झाडं मुळांसकट उपटलेली, शेंगांवर अजून ती खाजरी लव. मी दारातच बसून रडले आणि मग हसलेही. या शेंगांनी आपली काय फजिती केली होती!

आठवतं ना? मधुरा बेंगळूरहून बर्फात ठेवलेलं एक पाकीट घेऊन आली होती. म्हणाली, हे एडामामे, जपानी लोक खातात, प्रथिनं भरपूर, तुमच्या साखरेला चांगलं. डॉक्टरांनी तुमची संध्याकाळची मिरचीभजी बंद केली होती त्याच महिन्यात. तुम्ही पाकीट ठेवून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी मला जेवायला बोलावलंत. आपल्या माणसांना हिरवी शेंग दिसली की काय करणार? तुम्ही घेवडा समजून सगळ्या शेंगा सालीसकट चिरल्यात, गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं घालून झकास भाजी केलीत. वास असा की भूक खवळली. आणि घास तोंडात घातला तर दोरखंड! चावतोय, चावतोय, गिळता येईना. मी विहीण, थुंकणार कशी? अप्पांनी एक शब्द न बोलता चोथ्याच्या गोळ्या ताटाच्या कडेला ओळीने लावल्या. शेवटी मधुरा आतून आली, ताटं बघितली आणि जमिनीवर बसून हसायला लागली. "अहो आई, साल खायची नसते! नुसती उकडून आतले दाणे खायचे!" तुम्ही लाल झालात. "मग आधी सांगायचं नाही का गं? जपानी लोक साल टाकतात हे मला कुणी शिकवलं होतं का?" म्हणालात. रस्सा मात्र आपण सगळ्यांनी भाकरीबरोबर संपवला. रस्सा फारच चांगला झाला होता.

त्या पाकिटातल्या उरलेल्या चार शेंगा तुम्ही रुमालात बांधून अळणावरला नेल्यात. भावाने बघितल्या आणि म्हणाला, "अक्का, हे आपलं सोयाबीन की. बांधाच्या पलीकडे उभं आहे ते काय आहे?" जन्मभर माहेरच्या शेतात जे बघितलं, तेलगिरणीत जाताना बघितलं, ते हिरवं असताना खायचं असतं हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एडामामे हे नाव तुमच्या तोंडात काही बसलं नाही. तुम्ही त्याला शेवटपर्यंत बेंगळूरच्या शेंगा म्हणालात, शेंगा अळणावरच्या असून.

शेतातला दाणा पाकिटातल्याइतका टपोरा नाही, गोडीही जरा कमी. पण ताजा. पहिल्या वर्षी आपण तो कुकरला लावला. चार शिट्ट्या! झाकण काढलं तर करडा लगदा. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, चिमूटभर सोडा घालू, रंग राहील. तुम्ही असं बघितलंत माझ्याकडे, जणू मी विष घालायला निघाले होते. "सोडा घालून हिरवं ठेवण्यापेक्षा काळं खाईन मी." मग तुम्हीच शोधून काढलंत. आधी शेंगांना खडेमीठ चोळायचं, त्याने लव जाते आणि मीठही मुरतं. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यायचं, शेंगा टाकायच्या, झाकण ठेवायचं नाही. दाणा बोटात दाबला की मऊ लागला पाहिजे, पण फुटता कामा नये. लगेच चाळणीत ओतायच्या. कच्चट राहिला तर पोटाला बाधतो, म्हणून दर खेपेला पहिला दाणा तुम्ही चाखायच्या, डोळे मिटून. एवढंच. पण एवढ्याशा कामात आपण दोघी सबंध संध्याकाळ घालवायचो.

मिठाच्या शेंगांनी सुरुवात झाली आणि मग तुमचं डोकं चालायला लागलं. तव्यावर थेंबभर तेल, त्यात उकडलेले दाणे, वरून अगशीची चटणी, म्हणजे आपली जवसाची, आणि लिंबू. वा! मग गिरमिटात शेवेऐवजी हेच दाणे. चुरमुरे, कांदा, टोमॅटो, चिंचेचं पाणी आणि हिरवे दाणे. अप्पा म्हणाले, "चलो आगेद," छान झालंय, आणि तुम्ही माझ्याकडे बघून भुवई उडवलीत. अप्पांच्या तोंडून स्वयंपाकाला चलो ऐकणं म्हणजे काय, ते मला तोवर कळलं होतं. मिरचीभजी सुटली ती सुटलीच. तुमची साखर उतरली. डॉक्टरांनी विचारलं, काय करता बाई? तुम्ही म्हणालात, "विहीण येते." घरी येऊन मला सांगितलंत तेव्हा मी खोटंखोटं रागावले होते. मनातून किती बरं वाटलं होतं, ते आज सांगते.

आता भांडण. शेंग खायची कशी? सालीसकट तोंडात धरायची, दातांनी ओढायची, दाणे आत, साल बाहेर. सालीवरचं मीठ जिभेला लागतं, अर्धी मजा त्यातच. मी ताटलीच्या ताटली तशी संपवायची. आणि तुम्ही? तुम्ही अप्पांच्या खुर्चीपाशी खाली बसायच्या, एकेक शेंग सोलून दाणे वाटीत घालायच्या, आणि वाटी चमच्यासकट त्यांच्या हातात द्यायच्या. माझं डोकंच फिरायचं. "अहो अक्का, तान्हं बाळ आहे का ते? दिवसभर कुलपाच्या पोटातल्या मोहरीएवढ्या पिना बसवतात, त्यांना शेंग सोलता येत नाही?"

"नाही हो येत त्यांना. असू दे की," तुम्ही म्हणायच्या. आणि अप्पा पेपरामागून मान हलवायचे, नाही येत म्हणून! मी म्हणायची, तुम्हीच बिघडवलंय यांना. बायको म्हणजे काय शेंगा सोलायचं यंत्र आहे का? माझ्या घरी ह्यांना मी पाण्याचा पेलासुद्धा आपला आपण घ्यायला लावला होता, मेल्यावर उपयोग नाही पण जगताना झाला. एकदा तर रागाच्या भरात म्हटलं, उद्या तुम्हाला काही झालं तर हा माणूस भरल्या ताटापुढे उपाशी बसेल. त्यावर तुम्ही नुसतं हसलात आणि पुढची शेंग उचललीत. मला ते उत्तर पाहिजे होतं अक्का. आजही पाहिजे.

आणि बघा, झालं तसंच. भरला डबा पुढे आणि माणूस उपाशी. काल मी गेले तर दुपारचा डबा ओट्यावर तसाच, झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. अप्पा खुर्चीत बसलेले, पेपर मांडीवर, घडी न मोडलेला. "बर्री, प्रभाबाई," म्हणाले. या बसा म्हणाले नाहीत, नुसतं या.

मी थेट तुमच्या स्वयंपाकघरात. खडेमीठ कुठे, मोठं पातेलं कुठे, चाळणी कुठे, सगळं माझ्या हाताला ठाऊक. शेंगा तोडल्या, मीठ चोळलं, पाणी ठेवलं. पहिला दाणा चाखायची पाळी आली तेव्हा हात थांबला. ते काम तुमचं होतं. चाखला. बरोबर शिजला होता.

मग चाळणीपुढे उभी राहिले. काय करू? सोलून वाटीत घालून दिलं तर आज खातील. पण उद्या? परवा? मी काही तिथे राहत नाही. आणि न सोलता दिलं आणि ताट सरकवलं, तर मी श्रीधरला काय सांगू? पोर दसऱ्याला कुलूप घेऊन येईल. भांडण जिंकायची मला तेव्हा हौस नव्हती हो, खरंच नव्हती. पण शेवटी सगळ्या शेंगा न सोलताच थाळीत ओतल्या, लिंबू पिळलं आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. 

त्यांनी थाळीकडे बघितलं.  मग म्हणाले, "बेडरी. नको. भूक नाही."

माझा तोल गेला. "भूक नाही तर चला मग बेंगळूरला! बसा नवव्या मजल्यावर खिडकीत! अक्का गेल्या, मला काय आनंद झालाय का? मीही जेवते ना? रडते आणि जेवते. खायचं नसेल तर नका खाऊ, पण सोलता येत नाही म्हणून उपाशी बसायचं हे मला चालणार नाही. दातात धरायची आणि ओढायची. शिकवू का?"

एवढं ओरडले आणि माझीच मला लाज वाटली. 

"शिकवायचं काय त्यात?" ते म्हणाले. "येतं की मला."

आणि त्यांनी एक शेंग उचलली. दातांनी नाही, अंगठ्याने. शिरेवर नख ठेवून असं काही दाबलं की शेंग टचकन उघडली आणि तीन दाणे तळहातावर. दुसरी. तिसरी. तुमच्याहून सफाई, अक्का! मी तोंड उघडं टाकून बघत होते.

"हे कधी शिकलात?"

"अळणावरची सासुरवाडी माझी. ओला हरभरा, पावटा, तूर, काय सोललं नाही मी? तिच्या शेजारी बसून सोललंय."

"मग इतकी वर्षं मान हलवत होता ते?"

 दाणे तळहातावरच होते.

"ती बसायची नाही हो," ते म्हणाले. "मी दुकानातून वर आलो की ही ओट्याशी. चहा ठेवला, गेली. वाढलं, गेली. बस म्हटलं की आलेच म्हणायची आणि कपडे वाळत घालायला जायची. लग्न झाल्यापासून हेच. शेंगांची थाळी आली की मात्र खाली बसायची. थाळी संपेपर्यंत उठायची नाही. मग मी कशाला सांगू मला येतं म्हणून?"

मला काही बोलता येईना. मला, प्रभाला! आणि मग एकदम लखकन आठवलं. अहो, तुमच्या हाताचा वेग मला माहीत आहे. मधुराच्या डोहाळेजेवणाला आपण दोघी मटार सोलायला बसलो होतो, माझा ढीग तसाच आणि तुमचं पातेलं भरलेलं. त्याच तुम्हाला या एका थाळीला अर्धा-पाऊण तास लागायचा! एक शेंग सोलायच्या, थांबायच्या. आज दुकानात कोण आलं होतं, विचारायच्या. अप्पा सांगायचे. मग पुढची शेंग. मला वाटायचं, बोटं दुखत असतील, वय झालं. बोटं कसली दुखतात! माहेरच्या पडवीत ज्यांना शेजारी बसून तूर सोलताना बघितलं, त्यांना शेंग सोलता येत नाही असं तुम्ही कसं मानाल? तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्यांना येतं हेही, आणि ते सांगत नाहीत हेही.

लबाड! दोघंही पक्के लबाड! आणि मी मूर्ख बाई वर्षानुवर्षं दोघांच्या मधे उभी राहून तुमची बाजू घेऊन भांडत होते. किती हसला असाल माझ्या पाठीमागे.

मी हसले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात हसू, असं काहीतरी ध्यान झालं असेल. अप्पांनी ते तीन दाणे तोंडात टाकले. म्हणाले, "मीठ बरोबर आहे." मग पुढची शेंग घेतली. मी डबा गरम करायला म्हणून उठले, तर म्हणाले, "बसा हो जरा." बसले. तुमच्या जागी खाली नाही, माझे गुडघे मेले दुखतात. समोरच्या स्टुलावर बसले. मी दातांनी, ते अंगठ्याने. आज दुकानात कोण आलं होतं ते मी विचारलं. कुणी एक म्हातारा पेटीचं जुनं कुलूप घेऊन आला होता, किल्ली हरवलेली. त्याची सगळी हकीकत अप्पांनी सांगितली. थाळी संपली. नंतर त्यांनी आपणहून डब्यातली अर्धी भाकरी आणि दहीभात खाल्ला.

घरी येऊन मधुराला फोन केला. जेवले म्हटलं, तर पोरगी रडायलाच लागली. दसऱ्याचं दसऱ्याला बघू म्हणाली.

अक्का, तेव्हा भांडणाचा निकाल ऐका. माझं मत बदललेलं नाही. मी त्यांना शेंगा सोलून देणार नाही. पण दर बुधवारी जाईन, आणि थाळी संपेपर्यंत उठणार नाही.